ताण बसलेल्या गव्हात आधी काय जाते: रुबिस्को, डी१ की नुसता कर्बवायू?

ध्वजपर्ण (धागाकर्ता)
पाण्याच्या ताणाने गव्हाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते हे सगळीकडे लिहिलेले असते. कुठले प्रथिन आधी घसरते यावर मात्र एकमत दिसत नाही. माझे मत: पहिला बळी रुबिस्कोचा, म्हणजे कर्बवायू पकडणाऱ्या विकराचा. पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी जवळपास निम्मे तेच, म्हणजे घट तिथेच आधी दिसणार.

येत्या रब्बीत नागपुरात कुंड्यांमध्ये हे तपासायचा बेत आहे. वाण दोन, सी-३०६ आणि लोक-१. पेरणी १ डिसेंबर. १० किलो काळी माती, नियंत्रणाला फील्ड कपॅसिटीच्या (जास्तीचे पाणी निथळल्यावर माती धरून ठेवते त्या पाण्याच्या) ८० टक्के पाणी, ताणाला ४० टक्के. कुंड्या ५० टक्के हिरव्या शेडनेटखाली. पीक पोटरीत आले की ताण सुरू, सात दिवसांनी शेवटच्या पानाचा, म्हणजे ध्वजपर्णाचा नमुना. १०० मिलिग्रॅम ओले पान, एसडीएस (प्रथिने विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) असलेल्या बफरमध्ये अर्क, ब्रॅडफर्ड चाचणीने प्रथिन मोजायचे, मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने जेलवर आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची, जेलच्या प्रत्येक खाचेत २० मायक्रोग्रॅम. अँटिबॉडी चार: रुबिस्कोचा मोठा उपघटक, ॲक्टिव्हेज (रुबिस्कोला जागे ठेवणारे प्रथिन), डी१ (फोटोसिस्टिम दोन या प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतले प्रथिन), एलएचसीबी१ (प्रकाश गोळा करणाऱ्या एलएचसी प्रथिनांपैकी एक). सगळ्या खाचांत सारखा माल पडला की नाही हे पॉन्सो या प्रथिनरंगाने रंगवून रुबिस्कोच्या पट्टीवरून बघायचे.

चुका काढा. आताच काढा, मार्चमध्ये नको.

मारबत
मोजायचा रुबिस्को आणि मोजपट्टीही रुबिस्कोचीच! इडा पिडा घेऊन जा गे मारबत!!

पट्टीवाला
मारबत हसवून गेले, पण मुद्दा नेमका तोच. पॉन्सोवर ५५ किलोडाल्टनजवळ जाडजूड दिसते ती रुबिस्कोच्या मोठ्या उपघटकाची पट्टी. ताणात तीच कमी होणार असे तुमचे म्हणणे, आणि ती सारखी दिसेल इतका माल भरायचा हा तुमचा बेत. मग घट दिसणार कुठून? मोजपट्टी म्हणून ॲक्टिन हे दुसरे प्रथिन घ्यावे, तर तेही ताणात स्थिर राहीलच असे नाही. अख्खी खाच कूमासी रंगाने रंगवा आणि वरपासून खालपर्यंतची एकूण तीव्रता धरा.

दुसरे, ब्रॅडफर्डला एसडीएस चालत नाही. ०.१ टक्क्याच्या वर गेला की आकडे भरकटतात, तुमच्या बफरमध्ये १-२ टक्के असणार. बीसीए या दुसऱ्या चाचणीला एसडीएस चालतो पण मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी ही क्षपणके चालत नाहीत. म्हणून अर्क काढताना बफरमध्ये क्षपणक घालू नका, बीसीएने मोजा, डीटीटी नंतर नमुना बफरमधून घाला.

तिसरे, सवयीने ९५ अंशांवर उकळाल तर डी१ आणि एलएचसी एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशीच अडकतात. पटलातल्या प्रथिनांना ७० अंश, १० मिनिटे पुरे.

रंध्रवेडी
प्रयोगाआधी मताबद्दल बोलू. रुबिस्को पहिला बळी नाही.

माती सुकू लागली की मुळांकडून आणि पानातूनही ॲब्सिसिक आम्लाचा इशारा जातो, रंध्रे मिटतात, पानाच्या आतला कर्बवायू घटतो. इथवर प्रथिनांना धक्काही लागलेला नसतो. पानातले सापेक्ष पाणी ढोबळमानाने ७०-७५ टक्क्यांच्या वर आहे तोवर प्रकाशसंश्लेषणातली बहुतेक घट रंध्रांच्या खात्यावर जाते. त्याखाली गेले की चयापचयाची घट सुरू होते. रुबिस्कोचे *प्रमाण* उतरायला त्याहून वेळ लागतो. त्याची *क्रियाशीलता* आधी उतरू शकते, कारण कर्बवायू कमी असला की सक्रिय जागांचे प्रमाणही घसरते.

सात दिवसांनी एकच नमुना घेतलात तर यातले काहीच वेगळे काढता येणार नाही. दिवसांवर नमुने घेऊ नका, पानातल्या पाण्यावर घ्या: ८५, ७५, ६५ आणि ५५ टक्क्यांच्या आसपास. मोजणी सोपी आहे. पानाचे तुकडे तोडताच वजन, मग ऊर्ध्वपातित पाण्यात झाकून अंधुक उजेडात चार तास, टिपकागदाने टिपून फुगीर वजन, मग ७०-८० अंशांवर ४८ तास वाळवून कोरडे वजन. ओल्यातून कोरडे वजा, भागिले फुगीरातून कोरडे वजा, गुणिले शंभर.

ऊर्जाखाते
रंध्रवेडी ताई, एवढे सरळ नाही. १९९९ सालचे सूर्यफुलावरचे काम आठवा. ताणात एटीपी सिंथेज (पेशीचे ऊर्जाचलन एटीपी बनवणारे प्रथिन) घटतो, त्यामुळे एटीपी कमी, त्यामुळे आरयूबीपी (रुबिस्को ज्याला कर्बवायू जोडतो ती साखर) पुन्हा तयार होत नाही, आणि बाहेरून कर्बवायू वाढवला तरी वेग परत येत नाही. त्या बाजूने पाहिले तर आधी घसरणारे प्रथिन रुबिस्को नाही आणि डी१ही नाही, ते आहे एटीपी सिंथेज. यादीत त्याचा बीटा उपघटक घाला. आणि सेडोहेप्टुलोज-बिसफॉस्फटेज. आरयूबीपी परत तयार करण्याच्या साखळीत त्याची मात्रा थोडी घटली तरी वेगाला लगाम बसतो.

रंध्रवेडी
सूर्यफुलाचा निकाल सगळ्या पिकांत जसाच्या तसा मिळालेला नाही, त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण बीटा उपघटक घ्यावा हे मान्य.

पट्टीवाला
घ्या, पण जपून. तोही ५४ किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे रुबिस्कोच्या मोठ्या उपघटकाच्या अंगावरच. रुबिस्कोचा लोंढा त्या पट्टीला ढकलून वाकडी करतो. थायलाकॉइड (हरितलवकातली पटले) वेगळे काढून धुऊन घेतलेत तर रुबिस्को बराचसा निघून जातो. आणि दोन्ही अँटिबॉडी एकाच पडद्यावर मागेपुढे लावू नका.

काळी_माती
कुंडीत काळी माती भरणार आणि फील्ड कपॅसिटीच्या ४० टक्क्यांवर ठेवणार? झाडे सरळ मरतील बापा.

हे ४० टक्के वाळूमिश्रित मातीवरच्या कामांतून उचलले जाते. आपल्या भारी काळ्या मातीत फील्ड कपॅसिटीला वजनी ओलावा धरा ३५ टक्के, आणि कायम कोमेजण्याच्या पातळीला, म्हणजे उणे १.५ मेगापास्कलला, १९ टक्के. ३५ चे ४० टक्के म्हणजे १४. कोमेजण्याच्या पातळीच्याही पाच टक्के खाली! चिकणमाती तेवढे पाणी दाबून ठेवते, मुळांना देत नाही.

हिशेब उपलब्ध पाण्यावर करा. ३५ वजा १९ म्हणजे १६ टक्के उपलब्ध. नियंत्रणाला त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ३१ टक्के ओलावा, १० किलो कोरड्या मातीमागे ३.१ लिटर पाणी. ताणाला एक चतुर्थांश, म्हणजे २३ टक्के, २.३ लिटर. रोज कुंडी तोला, फरक भरून काढा. वाढलेल्या झाडाचे वजन वजा करायला दोन-चार कुंड्या जास्तीच्या ठेवा आणि दर आठवड्याला एकीतले झाड कापून तोला. माझे ३५ आणि १९ उदाहरणापुरते आहेत, तुमच्या मातीचे आकडे प्रेशर प्लेटवर काढून घ्या. मातीच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवरच आहे, फार हिंडायची गरज नाही.

आणि भेगा. ताणातली काळी माती कुंडीच्या कडेपासून सुटते, वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट बुडाला जाते. वजन बरोबर, मुळे कोरडी. जाडी रेती मिसळली तर भेगा कमी होतात, पण मग आकडे त्या मिश्रणाचे काढायचे, मूळ मातीचे नाही. मधोमध भोके पाडलेली नळी उभी गाडून तिच्यातून थोडे थोडे पाणी देणे सगळ्यात बरे.

मारबत
काळ्या मातीत गहू लावायचा आणि वर रेती टाकायची. आमच्या आजोबांनी काठी घेऊन पाठलाग केला असता.

काळी_माती
@मारबत, वावरात नाही टाकत, कुंडीत टाकून राहिलो.

पेठेतला_पाहुणा
एवढी उस्तवार कशाला? पीईजी-६००० (पाणी धरून ठेवणारे पॉलिमर) च्या द्रावणात रोपे ठेवा, आठवड्यात निकाल. २५ अंशांना किलोभर पाण्यात २०० ग्रॅम घातले की उणे ०.४९ मेगापास्कल येते. मोजून मापून ताण.

रंध्रवेडी
आकडा बरोबर, उपयोग मर्यादित. पीईजीच्या घट्ट द्रावणात ऑक्सिजन नीट विरघळत नाही आणि सरकत नाही. माशांच्या टाकीचा पंप लावला नाही तर पाण्याच्या ताणाऐवजी मुळांचा श्वास कोंडल्याचा परिणाम मोजला जातो. कमी रेणुभाराचा पीईजी चुकून आला तर तो झाडात शिरतो. आणि मुख्य म्हणजे धक्का एका झटक्यात बसतो. शेतात माती आठवडे घेऊन सुकते, तेवढ्यात पान पेशीरसात विद्राव्ये साठवून स्वतःला जुळवून घेते. रोपांची चाळणी करायला पीईजी ठीक, ध्वजपर्णाच्या प्रश्नाला नाही.

हाच आक्षेप १० किलोच्या कुंडीलाही आहे. पोटरीतला गहू ती चार-पाच दिवसांत रिकामी करतो. २०-२५ किलोची कुंडी किंवा मीटरभर उंचीचा रुंद पीव्हीसी पाइप घेतला तर ताण सावकाश चढेल.

दाणेभरणी
पेरणीची तारीख कोणी पाहिली नाही का? १ डिसेंबरला पेरलेला गहू फेब्रुवारीत फुलोऱ्यावर येणार, दाणे भरताना मार्च लागणार. नागपूरचा मार्च म्हणजे दुपारी ३६-३८ अंश. त्यात ताणाच्या झाडाची रंध्रे मिटलेली, म्हणजे बाष्पोत्सर्जनाचा गारवा नाही, पान हवेपेक्षाही तापते. मग ॲक्टिव्हेज बसला तो पाण्याविना की उन्हाने, कसे सांगणार? गव्हाचा ॲक्टिव्हेज उष्णतेला फार नाजूक आहे. पान पस्तिशीच्या पुढे गेले की तो ढेपाळतो, आणि रुबिस्को शाबूत असूनही निष्क्रिय पडून राहतो. वेस्टर्न ब्लॉटवर दोन्ही पट्ट्या छान दिसतील, काम मात्र बंद.

म्हणून दोन गोष्टी. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, म्हणजे ताण जानेवारीत बसेल. आणि इन्फ्रारेड तापमापकाने पानाचे तापमान रोज दुपारी नोंदवा.

ॲक्टिव्हेजची नुसती पट्टी पाहून भागणार नाही. रुबिस्कोची सुरुवातीची क्रियाशीलता आणि बायकार्बोनेट व मॅग्नेशियम देऊन पूर्ण जागवल्यानंतरची क्रियाशीलता, दोन्ही मोजा. त्यांचे गुणोत्तर म्हणजे सक्रियतेची पातळी. त्यासाठी पान उन्हात उभे असतानाच काही सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये गेले पाहिजे. आधी तोडून मग प्रयोगशाळेत नेले तर गुणोत्तराला अर्थ नाही.

वाणांचे म्हणाल तर सी-३०६ उंच, उशिरा येणारा, आणि लोक-१ लवकर येणारा. एकाच तारखेला ताण दिला तर एक पोटरीत असेल आणि दुसरा चिकात. ताण अवस्थेवर द्या, किंवा पेरणी मागेपुढे करा. आपल्याकडच्या प्रश्नासाठी सी-३०६ च्या जोडीला कमी पाण्यासाठी शिफारस असलेला नेत्रावती किंवा अकोल्याचा शरद जास्त कामाचा. शरद बन्सी आहे, म्हणजे त्यात साध्या गव्हातला डी जीनोम (गुणसूत्रांचा एक संच) नाहीच, हे तुलना करताना ध्यानात ठेवा.

नत्रमोजणी
सगळे जण रुबिस्को 'ढासळला' म्हणून राहिले. तो ढासळत नाही, झाड त्याला मोडून खाते.

रुबिस्को म्हणजे पानातल्या नत्राचा सगळ्यात मोठा साठा, एकूण नत्राच्या पाव हिस्सा सहज. फुलोऱ्यानंतर ओंबीला नत्र लागते, तेव्हा झाड हा साठा मोडून दाण्याकडे पाठवते. हे भरपूर पाणी दिलेल्या गव्हातही होते, ताणात फक्त लवकर सुरू होते. त्यामुळे फुलोऱ्यानंतर दहा दिवसांनी ताणाच्या पानात रुबिस्को ४० टक्के कमी निघाला, तर ती इजा नसून पानाचे वय पुढे सरकलेले असू शकते. वेगळे काढायचे तर प्रत्येक ओंबीला परागकोश बाहेर आल्याच्या दिवशी दोरा बांधा. आणि नियंत्रणाचे नमुने पुढचे तीन आठवडे घेत राहा, म्हणजे ताणाच्या दहाव्या दिवसाचे पान नियंत्रणाच्या कितव्या दिवसासारखे दिसते ते कळेल. रुबिस्को, एलएचसी आणि हरितद्रव्य तिघेही एकाच चालीने उतरत असतील तर ते पिकणे आहे. डी१ एकटाच पडला असेल तर ती इजा.

नत्राची मात्राही ठरवा, तुमच्या आराखड्यात तिचा उल्लेखच नाही. उपाशी झाडात रुबिस्को मुळातच कमी. बागायती शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी साडेबावीस लाख किलो धरले तर १० किलोच्या कुंडीला ०.५३ ग्रॅम नत्र, म्हणजे युरिया सुमारे १.२ ग्रॅम. अर्धा पेरताना, अर्धा तीन आठवड्यांनी.

पट्टीवाला
नत्रमोजणी, +१. आता भाजक कुठला घ्यायचा, म्हणजे प्रथिन कशामागे मोजायचे, ते बोलू. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ तिथला आहे.

धागाकर्ता १०० मिलिग्रॅम *ओले* पान घेणार आहेत. समजा पूर्ण फुगलेल्या पानाच्या एका तुकड्याचे वजन १०० मिलिग्रॅम, त्यात २० कोरडे आणि ८० पाणी. सापेक्ष पाणी ९० टक्के असेल तर तो तुकडा ९२ मिलिग्रॅम भरतो, ६५ टक्के असेल तर ७२. म्हणजे १०० मिलिग्रॅम ओल्या वजनात ताणाचे पान २८ टक्के जास्त येते! रुबिस्को खरोखर २० टक्क्यांनी घटला तरी ओल्या वजनावर तो किंचित *वाढलेला* दिसेल.

एकूण प्रथिनावर भरले तर वेगळी फसगत. समजा १०० भागांत रुबिस्को ४०. तो निम्मा झाला, बाकी काहीच बदलले नाही. आता एकूण ८०, त्यात रुबिस्को २०, म्हणजे पाव. सारखे २० मायक्रोग्रॅम भरल्यावर रुबिस्कोची घट ५० ऐवजी साडेसदतीस टक्के दिसते, आणि ज्याला काहीच झाले नाही तो डी१ २५ टक्के वाढलेला दिसतो. हरितद्रव्यावर भरले तर हरितद्रव्यच घटलेले.

म्हणून पानाच्या क्षेत्रफळावर. ठरावीक व्यासाच्या पंचने चकत्या काढा, तेवढ्याच चकत्या, तेवढाच बफर, सारखे आकारमान भरा. ताणात पान वाढायचे थांबण्याआधीच ध्वजपर्ण पूर्ण उघडलेले असावे, नाहीतर लहान आणि जाड पानामुळे क्षेत्रफळही दगा देते. कोरडे वजन सोबत नोंदवून ठेवा, दोन्हींवर निकाल एकाच दिशेने जात असेल तर बिनधास्त लिहा.

रुबिस्कोची पट्टी लवकर संपृक्त होते. नियंत्रणाचाच अर्क १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के असा शेजारी चालवा. घट त्या पायऱ्यांवरून वाचायची. डी१ ला जेवढा माल लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात रुबिस्को भागतो, तेव्हा दोघांचे जेल वेगळे. रुबिस्कोचा लहान उपघटक १४-१५ किलोडाल्टनचा आहे, तो बघायचा असेल तर १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा घ्या, मोठ्या छिद्रांतून तो पलीकडे निघून जातो.

सुमार_स्पॅड
स्पॅड मीटरने हरितद्रव्य बघितले तर नाही का चालणार? चकत्याबिकत्या नकोत.

नत्रमोजणी
सौम्य ताणात स्पॅडचा आकडा कित्येकदा *वाढतो*. पेशी लहान राहतात, तेवढ्याच जागेत हरितद्रव्य दाटते. मीटर म्हणते पीक हिरवेगार, झाड म्हणते मेलो. ८० टक्के ॲसिटोनमध्ये काढा, ७५० नॅनोमीटरचे वाचन गढूळपणापोटी वजा करा.

सुमार_स्पॅड
नाव सार्थ केले मी. _/\_

ऊर्जाखाते
शेडनेटचे राहिले. डी१ ची मोडतोड प्रकाशावर अवलंबून असते. ताणात रंध्रे बंद, कर्बवायू नाही, वरून कडक ऊन, तेव्हा जास्तीच्या ऊर्जेतून क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो. तो डी१ ला इजा करतोच, शिवाय नवा डी१ बनवण्याचे काम मंदावतो. खरे नुकसान दुरुस्ती अडल्याने होते. ५० टक्के नेटखाली एवढे ऊनच पोचणार नाही, डी१ जागचा हलणार नाही, आणि तुम्ही लिहाल 'डी१ स्थिर'. नेट काढा. नमुने पहाटे आणि दुपारी एक वाजता असे दोनदा घ्या. दुपारी पडलेला डी१ पहाटेपर्यंत भरून आला तर दुरुस्ती चालू आहे.

सोबत एफव्ही/एफएम, म्हणजे हरितद्रव्याच्या प्रस्फुरणावरून फोटोसिस्टिम दोनची कमाल क्षमता. पान अर्धा तास अंधारात ठेवून मोजा, निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येते. सौम्य ताणात हा आकडा हलतच नाही, त्यावरून 'पिकाला काही झाले नाही' म्हणू नका. उजेडात मोजलेले फोटोसिस्टिम दोनचे प्रत्यक्ष उत्पादन आधी खाली येते.

गोवारी_गहू
तज्ज्ञ मंडळी, रुबिस्को राहू द्या बाजूला. विहिरीत एकाच पाण्यापुरती सोय आहे. ते कधी देऊ? काहून की पुढं कालव्याचा भरवसा नाही.

दाणेभरणी
एकच असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी, कांडी धरताना. दोन जमले तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन जमले तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५. मुकुटमुळांच्या वेळी ताण बसला तर फुटवे जातात, फुलोऱ्यात बसला तर दाण्यांची संख्या. दाणे भरताना बसला तर पान लवकर पिवळे पडते आणि दाणा चिमतो. त्या वेळी खोडात साठलेली साखर थोडी भरपाई करते, सगळी नाही.

गोवारी_गहू
हे कळलं. धन्यवाद.

ध्वजपर्ण
आराखड्यात शिल्लक फारसे काही राहिले नाही, पण बरे झाले. नोव्हेंबरची पेरणी, नेट नाही, मोठे पाइप, उपलब्ध पाण्याच्या पाव हिश्श्यावर ताण, ओंब्यांना दोरे, क्षेत्रफळावर अर्क. एक प्रश्न उरतो. रंध्रे, दुरुस्ती आणि पिकणे हे तिन्ही एकाच पानात एकाच वेळी चालू असेल, तर मूळ प्रश्नाचे उत्तर कुठल्या मोजणीतून निघेल?

रंध्रवेडी
पुन्हा पाणी देऊन. ताणाच्या काही कुंड्या ठरलेल्या पातळीवर पोचल्या की भरपूर पाणी द्या आणि त्याच झाडांचे २४ आणि ७२ तासांनी वायुविनिमय मोजा, शेजारच्या झाडांचे नमुने घ्या. एका दिवसात वेग पूर्ण परत आला तर अडचण बहुतेक रंध्रांची होती. रंध्रे उघडली, आतला कर्बवायू पूर्ववत झाला, तरी वेग दोन-तीन दिवस रेंगाळत वर येतो आहे आणि डी१ ची पट्टी त्याच्यासोबत चढते आहे, तर दुरुस्ती. रंध्रे उघडी, डी१ पूर्ववत, आणि तरी वेग खालीच, तर रुबिस्को गेलेला. फुलोऱ्यानंतरच्या ध्वजपर्णात मोडलेला रुबिस्को झाड सहसा पुन्हा बांधत नाही. हे पोटरीत आणि फुलोऱ्यानंतर दहाव्या दिवशी, दोन्ही वेळा करा. उत्तर दोन्हीकडे एकच येईल असे मला वाटत नाही.

पट्टीवाला
पुन्हा पाणी दिलेल्या झाडांच्या नमुन्यांना जास्तीचे जेल लागतील, अँटिबॉडी त्या हिशेबाने मागवा आणि सगळ्या एकाच लॉटच्या घ्या. डी१ साठी सी-टोकाची (प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला चिकटणारी) मागवा. आणि ताणाच्या पानात फिनॉल जास्त असतात, अर्क तपकिरी व्हायला लागला तर कुटतानाच १-२ टक्के पीव्हीपीपी (फिनॉल शोषणारी पूड) घाला.

मारबत
आणि द्रव नायट्रोजनचा डबा आदल्या दिवशी भरून ठेवू नका, जानेवारी असला तरी नागपूर आहे.